खापरपणजा शोधायला निघालात? शाब्बास!

आपला खापरपणजा कोण होता, हे शोधायची हुक्की तुम्हालाही आली असेल तर अभिनंदन. तहसीलच्या रेकॉर्ड रूमची तिसरी वारी करून, नागपूरचं ऊन खाऊन मी कालच घरी आलोय. सल्ला ताजा आहे, लगेच घ्या.

आधी खापरपणजा नीट निवडा. मालगुजार, म्हणजे गावाचा सारा भरणारा मालक असेल तर उत्तम, जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताच्या कागदात ठसठशीत सापडतो. माझा मेला साधं कूळ निघाला.

मोडी शिकून ठेवा. बाबूला तुम्हीच वाचून दाखवायचं असतं.

गाव कोणत्या राज्यात होतं ते पाठ करा. जागचं हललं नाही बिचारं, पण 1861 मध्ये मध्य प्रांतात गेलं, 1950 मध्ये मध्य प्रदेशात, 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. आपला कागद यातल्या कोणत्या बदलीत गहाळ झाला, ते तुम्हीच ओळखायचं.

आता कोतवाल बुक. जन्म-मृत्यू गावचा कोतवाल लिहून ठेवायचा, त्याची नक्कल मागायची. अर्जात जन्मतारखेचा रकाना असतो. म्हटलं, "भाऊ, तीच तर पाह्यला आलो." तर बाबू म्हणे, "तारखेशिवाय बस्ता कसा सोडू जी?" बस्ता म्हणजे कापडात बांधलेलं जुनं दप्तर. अंदाजे साल लिहिलं. अंदाजे चालत नाही. दुसऱ्या वारीत पटवारी हलक्याचा, म्हणजे पटवाऱ्याच्या हद्दीचा नंबर नेला, अर्जावर कोर्ट फीचं तिकीट चिकटवलं, तर बाबू लग्नाला. तिसऱ्या वारीत बस्ता निघाला एकदाचा. कुठून? टेबलाखालून. वर बाबूचा जेवणाचा डबा. लाल कापड सोडलं तर निम्मा भुगा, बाकी वाळवी. एक पान धड होतं. बाप जुळला, जात जुळली, पुढे "मुलगा एक". पोराचं नाव नाही. जिने जन्म दिला तिचं तर नाहीच. आणि तारखेच्या रकान्यावर कोणा शहाण्याने सेलोटेप मारलेली. ती पिवळी पडून शाईसकट निघून आली.

नातेवाइकांना सांगू नका. एका भाच्याने विचारलं, "मामा, व्हॅलिडिटीला चालते का?" व्हॅलिडिटी म्हणजे जात पडताळणी. त्यासाठी 1967 च्या आधीचा कागद हवा, एवढंच त्याचं आजोळप्रेम. काकांना आपला पणजा थेट नागपूरकर भोसल्यांच्या दरबारात हवा होता. कूळ म्हटल्यावर त्यांनी फोनच ठेवला.

जाऊ द्या, सल्ला गेला खड्ड्यात. अहो बाबूसाहेब, आणि तुमचे साहेबही, 1896 आणि 1899 असे दोन दुष्काळ काढलेल्या माणसाची एक ओळ उरली होती. तीही तुम्ही चिकटपट्टीने उपटलीत. तीन वाऱ्यांत मला तिकिटं लावायला लावलीत, त्या वेळात पाच बस्त्यांचे फोटो काढून झाले असते. मोबाईल तर दिवसभर हातातच असतो ना? लाज वाटू द्या जराशी. आणि आधी तो डबा उचला तिथून.