पेडल वेगळे घ्यावे लागतील सर

सायकलींच्या बाबतीत एक नियम मी आता छातीठोकपणे सांगू शकतो, जितकी महाग तितकं तिच्यात सामान कमी. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या साध्या सायकलीला स्टँड असतो, कॅरियर असतं, घंटी, मडगार्ड, चेनकव्हर, कुलूप, आणि थोडी घासाघीस केली तर दुकानदार सीटकव्हरपण टाकून देतो. गिअरची घेतली की कॅरियर गेलं. हायब्रीड घेतली की मडगार्ड गेलं. आणि रोडबाईक घेतली, चांगली कार्बन फोर्कवाली, जिच्या किमतीत आमच्या आईच्या मते एक सेकंडहँड ॲक्टिव्हा आली असती आणि वर पेट्रोलला पैसे उरले असते, तर तिला पेडलसुद्धा नसतात! दुकानदार हे सांगताना लाजत वगैरे अजिबात नाही. "पेडल वेगळे घ्यावे लागतील सर, प्रत्येकाचा चॉइस असतो ना." शेजारच्या काकांनी रिकाम्या क्रँककडे, म्हणजे पेडल जिथे बसतं त्या दांड्याकडे, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, अजून पन्नास हजार टाकले असतेस तर चाकंही काढून दिली असती.

चॉइस म्हणजे काळे की चंदेरी एवढाच असता तर मी पाच मिनिटांत घरी आलो असतो. पण दुकानदाराने विचारलं, "टू बोल्ट की थ्री बोल्ट?" आणि तिथून पुढे माझी झोप गेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बुटाच्या तळाला चवड्याखाली एक क्लीट बोल्टने आवळायची, ती पेडलमध्ये खट्‌कन अडकते आणि टाच बाहेरच्या बाजूला फिरवली की सुटते. दोन बोल्टची क्लीट छोटीशी, लोखंडी, सोलच्या खाचेत लपलेली असते, हे शिमानो या जपानी कंपनीचं एसपीडी, १९९० मध्ये आलेलं, मुळात माउंटन बाईकवाल्यांसाठी, कारण त्यांना चिखलात उतरून चालावं लागतं. तीन बोल्टची मोठी, प्लास्टिकची, सोलच्या बाहेर आलेली, ती रेसवाल्यांची. त्यात परत शिमानोचं एसपीडी-एसएल वेगळं, लूक कंपनीचं किओ वेगळं, आणि एकाची क्लीट दुसऱ्याच्या पेडलमध्ये जात नाही. चार बोल्टवालं स्पीडप्लेपण आहे, गोल टिकलीएवढं पेडल, दोन्ही बाजूंनी अडकणारं. आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये ते एकाकडेच आहे आणि त्याच्याशी त्या विषयावर कुणी बोलत नाही, कारण मग तो थांबत नाही.

ग्रुपवर विचारलं आणि उभी फूट पडली. थ्री बोल्ट पार्टीचा म्होरक्या आयटीतला, पायावरचे केस काढणारा, त्याचं सगळं बोलणं "पॉवर ट्रान्सफर" या एका शब्दावर सुरू होऊन तिथेच संपतं. टू बोल्ट पार्टीत एक निवृत्त बँकवाले काका, ज्यांनी सहाशेची बीआरएम ही लांब पल्ल्याची राईड केलीय, म्हणजे सहाशे किलोमीटर चाळीस तासांत, त्यांचं म्हणणं, "रात्री दोन वाजता हायवेच्या ढाब्यावर संडास शोधत चालावं लागलं की पॉवर कुठे ट्रान्सफर होते ते कळेल तुला." आणि तिसरी पार्टी म्हणजे, अरे साधे पेडल लाव आणि मार ना, आमच्या वडिलांनी चपलेवर सातारा गाठलाय. या तिसऱ्या पार्टीचं दर वेळी पटतं आणि दर वेळी कुणीच ऐकत नाही.

यात भर म्हणजे पडण्याचं प्रकरण. या पेडलवर नवीन माणूस सिग्नलला थांबतो, पाय सोडवायचं विसरतो आणि शून्याच्या स्पीडने आडवा होतो, हे प्रत्येकाला होतं म्हणे. कोण नळस्टॉपला पडला, कोण स्वारगेटला बससमोर, आणि लोक हे मोठ्या कौतुकाने सांगतात. बायकोने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू कुठे पडायचं ठरवलंयस? तिकडून रिक्षा मिळते का बघून ठेव."

मग रात्री जागून वाचन सुरू झालं आणि नको तेवढी माहिती झाली. इटलीच्या चिनेलीने १९७१ मध्ये असं पेडल काढलं होतं ज्यात बूट अडकवला की तो नुसत्या पायाने सुटायचा नाही, खाली वाकून हाताने एक खटका सरकवायचा, लोक त्याला मरणाचं पेडल म्हणायचे आणि त्यात काही अतिशयोक्ती वाटत नाही. धायरी फाट्यावर समोर पीएमटी आडवी आलीय आणि मी वाकून खटका शोधतोय! नंतर लूक या फ्रेंच कंपनीने, जी मुळात बर्फावरच्या स्कीला बूट अडकवायची बाइंडिंग बनवायची, तीच युक्ती १९८४ मध्ये पेडलला लावली आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो हा सायकलपटू त्यावर टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकला. झालं, त्यानंतर पाय पेडलला चामड्याच्या पट्ट्यांनी आवळायची जुनी पद्धत हळूहळू मोडीत निघाली. हे सगळं ठीक आहे पण इनोला टूरमध्ये गाडी लावून भाजी घ्यायची नव्हती.

खरा घोळ पुढे आहे, फ्लोट. म्हणजे बूट अडकलेला असताना टाच किती अंश इकडेतिकडे हलू शकते. अजिबात हलली नाही तर गुडघा बोंबलतो असं म्हणतात, कारण सगळ्यांची चाल सरळ नसते. माझी तर फेंगडी आहे, आईच्या म्हणण्याप्रमाणे आजोबांची. तर शिमानोची पिवळी क्लीट सहा अंश हलते, निळी दोन, लाल शून्य. हे पाठ करून झोपलो. दुसऱ्या दिवशी लूकचं बघितलं तर तिथे काळी शून्य, करडी साडेचार आणि लाल नऊ. म्हणजे लाल क्लीट एका कंपनीत सगळ्यात घट्ट आणि दुसऱ्या कंपनीत सगळ्यात सैल! माणसाने गुडघा कुणाच्या भरवशावर ठेवायचा?

वजनाचाही असाच घोळ. एसपीडीतलं साधंसुधं एम५२० जोडीला ३८० ग्रॅम, आणि शिमानोचं सगळ्यात भारी ड्युरा-एस २२८. म्हणजे १५२ ग्रॅमसाठी कितीतरी पट पैसे. आयटीवाला मला हे फार गंभीरपणे समजावत होता, सिंहगडाच्या पायथ्याला, मिसळ संपवून दुसऱ्यांदा रस्सा मागवून वर दोन जादा पाव आणि ताक सांगितल्यावर.

आणि तिथेच माझं बरंचसं ठरलं. हॉटेलात शहाबादी फरशी होती, नुकतीच पुसलेली. थ्री बोल्टवाले आत आले ते टाचांवर, पंजे वर उचललेले, टक टक टक, एक हात भिंतीला. एकाने काउंटरवरून चहाचा ट्रे घेतला, पाऊल टाकलं, क्लीट सर्रकन पुढे गेली, आणि हा चाळिशीतला माणूस, जो घाट चढताना कुणाच्या बापाला ऐकत नाही, ट्रे दोन्ही हातांत धरून तसाच गोठला. ना पुढे, ना मागे. शेवटी पोऱ्याने येऊन ट्रे घेतला आणि मग त्यालाही घेतलं. बँकवाले काका तेवढ्यात हात धुऊन, बिल देऊन, बाहेर जाऊन, पेरू विकत घेऊन परत आले होते.

मी हिशोब केला. आपली रविवारची राईड म्हणजे काय? सिग्नल, खड्डा, कुत्रं, राँगसाईडने येणारी रिक्षा, खडकवासल्याला कणसाची गर्दी, घाटात मध्येच थांबलेली जीप, फोटो, चहा, मिसळ, परत चहा. यातल्या एकाही गोष्टीत पाय पेडलवर राहत नाही. पेडल निवडताना सगळेजण पाय पेडलवर असताना काय होतं तेच विचारतात, पाय जमिनीवर असताना काय हाल होतात ते कुणी विचारत नाही, आणि माझा पाय तर जास्त वेळ जमिनीवरच असतो.

तर टू बोल्ट. त्यातही असं पेडल घेतलं ज्याची एक बाजू एसपीडी आणि दुसरी साधी सपाट, म्हणजे चप्पल घालून दूध आणायला जाता येतं. रोडबाईकवर हे पेडल बघून आयटीवाला काही बोलला नाही, फक्त सायकलकडे बघून त्याने एकदा डोळे मिटले. बूट घेतानाचा वनवास वेगळाच. युरोपियन मापं, बेचाळीस, साडेबेचाळीस, आणि सगळे निमुळते, आपले फताडे पाय त्यात जाणार कसे, शेवटी वाइड फिटिंगचे मागवले. शूज संध्याकाळी घालून बघावेत, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात, हा सल्ला मात्र खरंच कामाचा.

एकाच गोष्टीत चॉइस नव्हता त्यामुळे फार बरं वाटलं, पेडलचे आटे. आजकालच्या बहुतेक सगळ्या मोठ्या सायकलींना तेच, ९/१६ इंच. फक्त डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, नाहीतर पाय मारता मारता ते आपोआप सुटत जातं. ही पद्धत १९०० च्या सुमारास राइट बंधूंनी आपल्या सायकलींना आणली, हो तेच विमानवाले, त्यांचं आधी सायकलचं दुकान होतं. हे मी शेजारच्या काकांना सांगेपर्यंत त्यांनी डावं पेडल सवयीने सुलट दिशेने दाबून धरलं होतं आणि दुकानदाराने तुला फसवलं असा निकालही देऊन टाकला होता. मग ग्रीस लावलं, दिशा बदलली, दोन बोटांनी फिरलं. स्प्रिंगचा ताण ॲलन कीने एकदम सैल ठेवला. कॉरिडॉरमध्ये भिंतीला धरून खट्‌ अडकव, टाच फिरव, सोडव, असं इतकं केलं की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी येऊन विचारलं, घरी सुतारकाम काढलंय का.

आता पाय छान अडकतो, छान सुटतो, गुडघाही गप्प आहे. फक्त नवीनच एक जबाबदारी अंगावर आलीय. रविवारी हॉटेलात पोचलो की सगळे थ्री बोल्टवाले दारातल्या पहिल्याच खुर्च्यांवर बसून घेतात आणि तिथून ओरडतात, "अरे तुला चालता येतं ना, तूच जा." मग मी जातो. चार मिसळ, त्यात एक कमी तिखट, पाच चहा, एक बिनसाखरेचा, आणि आयटीवाल्याच्या दोन्ही बाटल्या भरून. बँकवाल्या काकांना मदतीला या म्हटलं तर ते म्हणाले, "मी मुद्दाम उशिरा येतो."