चिंच, लिंबू आणि माझा उजवा हात

दिवाळीच्या आधीचा आठवडा आला की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. सासूबाईंच्या मते बाजारातल्या रंगीत बाटल्या म्हणजे निव्वळ पैसे उकळायचा धंदा. चिंच, लिंबू, राख, खायचा सोडा आणि रिठे एवढ्यावर त्यांच्या आईने अख्खा वाडा लखलखीत ठेवला होता. सासरे ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांचा कशालाच विरोध नसतो, फक्त प्रत्येक गोष्टीमागचं कारण सांगायचं असतं, आणि ते खुर्चीत बसून सांगायचं असतं. नवरा तटस्थ. घासते मी.

खरेदीपासूनच स्वस्ताई सुरू होते. आम्ही राहतो कोलशेतला. खाली दुकानात चिंच मिळते, पण ती आमटीची. भांड्यांना म्हणे जुनी, काळी, चिकट चिंच लागते आणि ती जांभळी नाक्यालाच मिळते. दिवाळीच्या तोंडावर जांभळी नाक्याला मुंगी शिरायला जागा नसते. तिथून पाव किलो चिंच घेऊन यायचं. रिक्षाचं जातायेताचं भाडं हिशोबात धरायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. "अहो आई, पितांबरी आपल्या ठाण्याचीच आहे," असं मी एकदा म्हणून पाहिलं. "असू दे की. गावातली सगळी माणसं आपण घरी आणतो का?" यावर काय बोलणार?

मग राख. पूर्वी फुकट म्हणजे राख, आणि आता पैसे मोजूनही मिळत नाही ती राख. चौदाव्या मजल्यावर पाइपचा गॅस, चूल कुठून आणू? ऑनलाइन मिळते, 'शुद्ध लाकडाची राख', सुबक डब्यात. किंमत पाहून सासूबाईंनी मोबाइल माझ्या हातात असा ठेवला, की जणू मीच ती विकतेय. शेवटी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या भैयाकडे गेले. तो अजून कोळशाची इस्त्री वापरतो. "भाभी, राख? किसलिए?" त्याने इतक्या काळजीने विचारलं की मी घाईघाईने "बर्तन, बर्तन" म्हणाले. त्याने पिशवी भरून दिली, वर पैसेही घेतले नाहीत. घरी आणून चाळली तर अर्धी कोळशाची कच. ती तशीच स्टीलला लावली असती तर भांड्यांवर नकाशे उमटले असते. चहाच्या जुन्या गाळणीतून वस्त्रगाळ करण्यात दुपार गेली आणि नाकातून संध्याकाळपर्यंत काळं येत होतं.

पण एक कबूल करायला हवं, या गोष्टी काम करतात. आमची समई हातभर उंच, दांडीवर कड्याच कड्या आणि प्रत्येक कडीच्या खाचेत वर्षभराचं तेल काळं होऊन बसलेलं. मी थेट चिंच लावायला गेले तर बाबा पेपरामागून म्हणाले, "आधी राख. तेलाला अल्कली लागतो, काळपटपणाला आम्ल." राखेतला पोटॅशियम कार्बोनेट तेलाला धरतो आणि जागच्या जागी थोडासा साबणच तयार करतो म्हणे. ओली राख जुन्या टूथब्रशवर घेऊन खाचा घासल्या, गरम पाण्याने धुतल्या, मग भिजवलेली चिंच मीठ लावून फिरवली. तांब्याच्या तांब्यावर तर नुसती बोटं फिरवली तरी तपकिरी थर निघून खालचं गुलाबी तांबं दिसायला लागतं. हे बघताना हात थांबत नाही, हेच वाईट. "टार्टरिक ॲसिड," बाबा म्हणाले. "लगेच धू आणि कोरडं पूस, आम्ल राहिलं तर हिरवं चढेल." पुसणारे ते नव्हते.

बाथरूमच्या नळांवर टँकरच्या पाण्याचा पांढरा थर चढलेला. अर्धं लिंबू पिशवीत घालून रबरबँडने नळाला बांधायचं आणि तासभर सोडायचं. क्षार विरघळतो, छान उपाय आहे. नेमक्या त्याच वेळी समोरच्या काकू विरजण मागायला आल्या. वॉश बेसिनवर लिंबू टांगलेलं पाहून त्यांनी आवाज खाली आणला, "कोणी काही केलंय का गं तुमच्यावर?" मी क्षार वगैरे समजावलं. त्यांनी मान डोलावली, पण विरजण न घेताच गेल्या.

नवऱ्याची तटस्थता रविवारी सुटली. त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहून सिंकमध्ये सोडा टाकला, वर व्हिनेगर ओतलं आणि फसफसणारा फेस बघायला सगळ्यांना हाक मारली. मुलीने टाळ्या वाजवल्या. बाबांनी चष्मा वर केला. "सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांशी भांडून संपले. आता उरलंय खारं पाणी, ते ओत आणि जाळी उघडून हाताने कचरा काढ." नवऱ्याने जाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

त्याच उत्साहात त्याने बाल्कनीतल्या कडाप्प्यावर लिंबाची सालं चोळून ठेवली. कडाप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड. जे आम्ल नळावरचा थर खातं, ते दगडही खातं. काळ्याभोर कडाप्प्यावर सालांचे पांढरे गोल उमटले आहेत, ते आता धुऊन-पुसून जाणार नाहीत. सासूबाईंनी त्यावर तुळशीची कुंडी सरकवली आणि विषय बंद झाला.

बाबा खुर्चीतून उठलेले मी एकदाच पाहिले. संडास धुवायच्या ॲसिडवर सासूबाई थोडी ब्लीचिंग पावडर भुरभुरायला निघाल्या होत्या, "दुप्पट स्वच्छ होईल" म्हणून. बाबांनी त्यांच्या हातातला डबाच काढून घेतला. "क्लोरीन वायू सुटेल, ठाऊक आहे? ही दोन एकत्र कधीही नाही. कधीही." त्या दिवशी सासूबाई चक्क गप्प बसल्या. बाबांनी खिडक्या उघडल्या आणि पुन्हा जाऊन बसले.

सोमवारी कामाच्या मावशी सुट्टीवरून आल्या. ओट्यावर राखेची वाटी, चिंचेचा लगदा, पिळलेली लिंबं आणि भिजत घातलेले रिठे. सासूबाईंनी पदर खोचून त्यांना सगळं क्रमवार समजावलं, कशाला आधी काय आणि नंतर काय. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आजी, मला अजून तीन घरं आहेत. ती हिरवी वडी कुठंय?"

वडी सासूबाईंनीच काढून दिली, वरच्या कप्प्यातून, डाळीच्या डब्यामागून. ती तिथे आहे हे मला माहीतच नव्हतं. अर्ध्या तासात भांडी, ओटा आणि सिंक झालं. निघताना मावशींनी उरलेली चिंच पिशवीत बांधली. "एवढी चांगली चिंच घासायला कशाला घालवता? आमटीला नेते."