240 दिवसांची रजा आणि चार महिन्यांचा पाऊस

गेल्या महिन्यात, 11 फेब्रुवारीच्या, म्हणजे विज्ञानातील महिला व मुलींच्या आंतरराष्ट्रीय दिनाच्या निमित्ताने, एका महाविद्यालयाने मला 'मातृत्व आणि संशोधन : तारेवरची कसरत' या विषयावर बोलायला बोलावले होते. शाल-श्रीफळ झाले, टाळ्याही झाल्या. सत्काराच्या प्रसंगी तक्रार करणे बरे दिसत नाही, म्हणून जे तिथे बोलले नाही ते इथे लिहिते. कसरतीचे कौतुक होते. ती तार कोणी बांधली, हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेत नसतो.

माझा विषय सातारा परिसरातील सड्यांवरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरील कातळ-पठारांवरच्या वनस्पतींचा फुलोरा हा आहे. उन्हाळ्यात सडा म्हणजे निव्वळ तापलेला कातळ असतो. जूनमध्ये पाऊस पडला की त्या कातळावरच्या बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवे, तेरडा अशी शेकडो रोपे उगवतात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलतात आणि ऑक्टोबर सरता सरता बहुतेक वाळून जातात. कोणती जाती कधी फुलू लागते आणि किती दिवस फुलते, हे जमिनीवर आखलेल्या ठरलेल्या चौकटींमध्ये दर आठवड्याला मोजावे लागते, आणि अशा नोंदी सलग तीन हंगामांच्या हव्यात, असे माझ्या आराखड्यात नमूद होते. सप्टेंबर 2020 मध्ये पीएच.डी.साठी माझी नोंदणी झाली, 2021 आणि 2022 चे हंगाम पूर्ण झाले, आणि जून 2023 मध्ये मुलगा झाला.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमांनी संशोधक विद्यार्थिनीला संपूर्ण कालावधीत एकदा 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा दिली, शिवाय पीएच.डी.च्या कमाल मुदतीत दोन वर्षांची सवलत दिली. 2022 च्या नियमांतही या दोन्ही तरतुदी कायम आहेत. त्या मिळवून देणाऱ्यांविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे, कारण आमच्या आधीच्या पिढीतील कित्येक जणींनी एवढ्यासाठीच संशोधन सोडले. परंतु रजा दिवसांत मोजली जाते आणि माझे काम पावसाळ्यांत मोजले जाते. फेब्रुवारी 2024 मध्ये मी परतले तेव्हा सड्यावर नोंदवण्यासारखे काहीही नव्हते. पुढची नोंद जून 2024 मध्ये झाली, म्हणजे आठ महिन्यांच्या रजेने माझ्या नोंदवहीत ऑक्टोबर 2022 पासून वीस महिन्यांची पोकळी पाडली. (माझी एक मैत्रीण गमतीने म्हणते की माझे नशीब थोर, मी कारवीवर काम करत नाही, ती सात वर्षांनी एकदा फुलते.) प्रयोगशाळेत पेशी वाढवणाऱ्या किंवा प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या स्त्रियांचेही असेच आपापले पंचांग असते, आणि रजेच्या अर्जात त्यासाठी रकाना नसतो.

2024 चा हंगाम माझ्या आईने निभावून नेला. शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली ती बाई चार महिने माझ्यासोबत साताऱ्यात भाड्याच्या खोलीत राहिली. मी पहाटे सड्यावर जायची आणि दुपारी बाळाला पाजायला खाली यायची; पाऊस नि धुके असले की उशीर व्हायचा आणि आई त्याला वरणाचे पाणी भरवून थोपवून धरायची. माझ्या नवऱ्याने कारखान्यातील हक्काची रजा संपवली. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा तरी असते, खासगी नोकरीत तसा कायदाच नाही.

पैशांविषयी आमच्याकडे फारसे बोलले जात नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. फेलोशिप जास्तीत जास्त पाच वर्षांची असते. महिन्याला 42,000 रुपये मिळणारी माझी फेलोशिप सप्टेंबर 2025 मध्ये संपली. नोंदणी मात्र सवलतीमुळे चालूच आहे. नियमाने मला वेळ दिला आणि तो वेळ बिनपैशाचा दिला. त्या दोन वर्षांत घर कसे चालवायचे, याचे उत्तर नवऱ्याच्या पगारात शोधावे, असे गृहीत धरलेले दिसते. ज्या मुलीच्या घरी दुसरा पगार नाही, तिच्यासाठी ही सवलत केवळ कागदावरची आहे. दुसरा मार्ग म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणे, आणि तेथे तास झाला तर पैसे, नाही झाला तर नाहीत. तापाने फणफणलेल्या मुलापाशी घरी बसलेल्या बाईला ते हिशेब तोंडपाठ होतात.

अशा वेळी कोणीतरी मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांचे उदाहरण देतेच. 1939 मध्ये त्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या तेव्हा त्यांना दोन मुले होती, तिसरे 1942 मध्ये झाले, आणि तरीही त्या क्षेत्रकार्यासाठी देशभर हिंडल्या. हे खरेच आहे. मात्र त्यांचे पती दिनकर धोंडो कर्वे स्वतः रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, सासरे महर्षी कर्वे होते, आणि पत्नीने काम करणे ही त्या घरात खुलासा मागण्याची बाब नव्हती. इरावतीबाईंच्या कर्तृत्वाला त्याने यत्किंचितही उणेपणा येत नाही. पण असे घर प्रत्येकीला मिळेल, या भरवशावर एखाद्या देशाचे विज्ञान चालवता येणार नाही.

माझी मागणी अधिक रजेची नाही; रजा वाढली असती तरी 2023 चा पाऊस माझ्यासाठी थांबला नसता. मला हवा होता तो एक क्षेत्र-सहायक, ज्याने माझ्या चौकटींमध्ये चार महिने दर आठवड्याला नोंदी केल्या असत्या. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला त्याचे मानधन मिळाले असते, अनुभव मिळाला असता, आणि माझी मालिका तुटली नसती. मी तसे सुचवलेही होते. उत्तर मिळाले की आकस्मिक निधीतून दुसऱ्या व्यक्तीला मानधन देता येत नाही आणि प्रसूती ही काही आकस्मिक बाब नव्हे. दुसऱ्या विधानाशी मी सहमत आहे. नऊ महिने आधी ठाऊक असलेल्या गोष्टीची तजवीज करता येते, एवढेच माझे म्हणणे होते.

प्रबंध मेअखेर सादर करायचा आहे. निष्कर्षांच्या कोष्टकात 2023 च्या स्तंभात 'निरीक्षण उपलब्ध नाही' असे लिहिलेले पाहून मार्गदर्शकांनी कारण नोंदवण्यास सांगितले. अशा ठिकाणी सहसा 'अपरिहार्य कारणास्तव' असे लिहितात. मी तळटीपेत 'संशोधक प्रसूती रजेवर. पर्यायी निरीक्षकाची व्यवस्था झाली नाही' असे लिहिले आहे, आणि ते वाक्य काढण्याची सूचना अद्याप तरी आलेली नाही.