इसार आला का?

22 सप्टेंबर 2021 ला आमचा डर्बी काउंटी फुटबॉल क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला. त्या संध्याकाळी आबांचा नेहमीप्रमाणे व्हिडिओ कॉल आला. शिवाजी पेठेत जेवणं उरकली की ते फोन लावतात. इकडे इंग्लंडात तेव्हा मी ऑफिसातून येऊन बूट काढत असतो.

"तोंड का पाडलंयस?"

"क्लबवर प्रशासक बसला, आबा."

मला वाटलं, आता प्रशासक म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागणार. पण आबा तलाठी म्हणून निवृत्त झालेले आणि कोल्हापुरात राहणारे. तिथं प्रशासक कारखान्यावर बसतो, बँकेवर बसतो. महापालिकेवर तर 2020 च्या नोव्हेंबरपासून बसलेलाच होता. त्यांना त्यात सुतक पाळण्यासारखं काही दिसलं नाही.

"मग? आपल्या म्युनिशिपाल्टीवर बी हाय की. गिऱ्हाईक बघाय लागतील आता. एकच सांगतो, इसार हातात पडल्याबिगर कुणाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका म्हणावं."

हे मी कुणाला 'म्हणावं' ते त्यांनी सांगितलं नाही. मी त्या क्लबात कोण? साउथ स्टँडमधल्या एका खुर्चीचा वर्षभराचा मानकरी. पण आबांच्या लेखी मी तिथला निम्मा मालकच होतो. त्यात त्यांचीही चूक नाही. आमच्याकडे फुटबॉल तालमीचा. पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात. तालीम पेठेची, पोरं पेठेची, वर्गणी पेठेची. तालीम विकायला काढलीय असं कुणी म्हणालं, तर विकत घ्यायला कोण येतंय यापेक्षा म्हणणारा घरी परत कसा जातोय हेच लोक बघतील.

मी नोकरीसाठी डर्बीत आलो. विमानाची इंजिनं बनवणारं हे गाव. पहिल्याच शनिवारी प्राइड पार्क स्टेडियमवर गेलो, तर शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा म्हणाले, "ए अप, मी डक." मी आपला बघतच राहिलो. आमच्याकडे डक म्हणजे शून्यावर बाद झालेला. आल्या आल्या परक्या माणसाला असं म्हणायचं? मागाहून कळलं, डर्बीत हे 'काय बाळा, कसा आहेस' असं आहे. दुकानदार, बसचालक, दंतवैद्य, सगळे सगळ्यांना बदक म्हणतात. तेव्हापासून ते माझे डकआजोबा. क्लबने 1972 आणि 1975 साली इंग्लंडची लीग जिंकली, ती दोन्ही वेळा त्यांनी जुन्या बेसबॉल ग्राउंडवर उभं राहून पाहिलेली. पहिल्या वेळी मॅनेजर ब्रायन क्लफ. त्यांचं नाव घेताना आजोबा आजही टोपीला हात लावतात. क्लबचं चिन्ह मेंढा. मेंढा म्हटल्यावर कोल्हापूरकराला पहिल्यांदा काय आठवतं, ते मी आजोबांना अजून सांगितलेलं नाही.

तर प्रशासक बसला की लीगच्या नियमाने 12 गुण कापतात. कापले. नोव्हेंबरात आणखी 9 कापले, कारण खेळाडूंच्या किमतीचा घसारा हिशेबात दाखवण्याची क्लबची पद्धत लीगला मान्य नव्हती. हे आबांना सांगताना माझीच दमछाक झाली.

"घसारा? ट्रॅक्टरचा काढत्यात तसा?"

"हो. खेळाडू जितक्या वर्षांच्या कराराने आणला, तितक्या वर्षांत त्याची किंमत थोडी थोडी कमी करत न्यायची."

आबा बराच वेळ गप्प राहिले. मग आईकडे वळून म्हणाले, "ऐकलंस काय? तिकडं माणसांचाबी घसारा काढत्यात." आई म्हणाली, "तुमचा कधीच काढून झालाय."

त्या दिवशी आम्ही उणे 3 गुणांवर होतो. उणे! कॉर्क बॉलच्या क्रिकेटपासून तालमीच्या फुटबॉलपर्यंत मी खूप वाईट संघ पाहिलेत, काहींत खेळलोही आहे. पण शून्य गाठण्यासाठी घाम गाळणारा संघ पहिल्यांदाच पाहत होतो. "मी डक" म्हणणाऱ्या गावाचा क्लब डक व्हायला धडपडत होता.

आणि गिऱ्हाईक? गिऱ्हाईक येत होतं. म्हणजे येणार होतं. प्रशासकांचं निवेदन यायचं, त्यात बोलणी 'प्रगतिपथावर' असायची आणि 'प्रेफर्ड बिडर', म्हणजे पसंतीचं गिऱ्हाईक, 'लवकरच' ठरायचं. आमच्या हिने स्वयंपाकघरात कोल्हापूरहून आणलेलं कॅलेंडर लावलंय. प्रत्येक 'लवकरच'ला ती त्या तारखेवर निळ्या पेनाने छोटी रेघ मारायला लागली, सासूबाई दूधवाल्याच्या खाड्याला मारतात तशी. डिसेंबर संपला तेव्हा ते पान बघून वाटलं असतं, या घरात महिनाभर कुणाला चहाच मिळाला नाही.

माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. सकाळी दात घासताना फोन, मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये फोन. एकदा साहेब पंख्याच्या पात्यावरच्या ताणाबद्दल विचारत होते आणि मी म्हणालो, "प्रेफर्ड बिडर अजून ठरला नाही." साहेब गंभीरपणे म्हणाले, "मलाही तेच ऐकायला मिळालं." तेही बदकच निघाले.

खरी गंमत मैदानाची. 2018 साली क्लबच्या तेव्हाच्या मालकांनी क्लबचं स्टेडियम आपल्याच दुसऱ्या कंपनीला सुमारे 8 कोटी 10 लाख पौंडांना विकलं होतं. म्हणजे क्लब एकाच्या ताब्यात, मैदान दुसऱ्याच्या नावावर, आणि मैदानावर कर्जाचा बोजा. नवा गिऱ्हाईक आला तरी क्लब घेणार की मैदान, की दोन्ही, की मैदान भाड्याने, हे कुणालाच उमगत नव्हतं. क्रीडा पत्रकार यावर लांबलचक लेख लिहीत होते. आबांना मी दोन वाक्यांत सांगितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. चाळीस वर्षांची नोकरी एकदम कामाला आली.

"म्हंजे क्लब सोताच्याच मैदानात कूळ?"

"जवळजवळ."

"आरं मग कूळकायदा न्हाई काय तिथं? खेळंल त्याचं मैदान!"

"नाही, आबा."

"मागासल्याली माणसं. मग ऐक. ह्यात जो कोण आधी मैदान नावावर करून घील, त्यो खरा गिऱ्हाईक. बाकीची नुसती चहा पिऊन जात्यात. लिहून ठीव."

मी लिहून ठेवलं नाही. बीबीसीचे तज्ज्ञ एक सांगत असताना शिवाजी पेठेचं कोण ऐकतं?

पुढे हरकतदारही आले. मिडल्सब्रो आणि वायकम या क्लबांनी नुकसानभरपाई मागितली. त्यांचं म्हणणं, डर्बीने नियम पाळले असते तर 2019 साली मिडल्सब्रो प्लेऑफला गेला असता आणि 2021 साली वायकम खालच्या लीगमध्ये घसरला नसता. वायकम एका गुणाने गेला होता हे खरं. पण आमच्या पोटात गोळा आला, कारण अशा दाव्यांचं लफडं डोक्यावर असताना कोण पैसे टाकणार? आबा मात्र शांत होते. "व्यवहार म्हटला की भाऊबंद उठणारच. पेपरात जाहीर नोटीस दिली न्हवती काय?"

मी एकदा वर्गणीचाही हिशेब मांडला. कोल्हापूरचं रक्त, गोष्ट अडली की हात आपोआप पावतीपुस्तकाकडे जातो. स्टेडियमात सुमारे 33 हजार माणसं मावतात. प्रत्येकी हजार पौंड धरले तर 3 कोटी 30 लाख. मैदानाच्या त्या किमतीचे निम्मेसुद्धा होईनात. डकआजोबांनी कागद बघितला, घडी घालून खिशात ठेवला आणि थर्मासमधला चहा मला दिला. त्या चहात साखर नसते. त्या दिवशी तक्रार केली नाही.

एवढं सगळं असून खेळणारी पोरं खेळत होती, हेच छळवादी होतं. संघ सरळ हरत राहिला असता तर मन मारून घरी बसलो असतो. पण मॅनेजर वेन रूनी ठाण मांडून बसलेला, नवे खेळाडू घ्यायला बंदी, 39 वर्षांचा फिल जगिएल्का उत्तम खेळत असताना करार वाढवता न आल्याने जानेवारीत निघून गेलेला, आणि मिसरूडही न फुटलेली अकादमीची पोरं मैदानात जीव टाकत होती. 30 जानेवारीला गावातून स्टेडियमपर्यंत हजारो लोकांचा मोर्चा निघाला. मी आयुष्यात मोर्चे पुष्कळ पाहिलेत, पण एकही घोषणा नीट यमकात नसलेला हा पहिलाच. बर्मिंगहॅमविरुद्ध 87 व्या मिनिटापर्यंत आम्ही 2-0 ने मागे. मग एक गोल झाला. मग 96 व्या मिनिटाला क्रिस्टियन बिएलिक हवेत आडवा झाला आणि डोक्यावरून उलटी लाथ मारून त्याने चेंडू जाळ्यात घातला. मी डकआजोबांना उचललं. खरंच उचललं. खाली ठेवल्यावर ते म्हणाले, "माझा चष्मा." तो पुढच्या रांगेतल्या बाईंच्या टोपीत सापडला.

त्या रात्री मी आबांना झोपेतून उठवून गोल दाखवला. आबा म्हणाले, "झकास! इसार आला काय?"

एप्रिलमध्ये एकदाचा प्रेफर्ड बिडर ठरला. अमेरिकेचे एक उद्योजक. हेच गृहस्थ डिसेंबरात माघार घेऊन गेले होते. आबांना हे कळल्यावर त्यांनी फक्त हूं केलं. त्याच महिन्यात, 18 एप्रिलला, आम्ही क्वीन्स पार्क रेंजर्सकडून 1-0 हरलो. तरी आशा होती, कारण वर असलेलं रेडिंग स्वान्सीकडून 4-1 ने मार खात होतं. मी एका कानाने ती मॅच ऐकत होतो. 4-2 झालं. 4-3 झालं. शेवटी वाढवून दिलेल्या मिनिटांत 4-4 झालं, आणि आम्ही तिसऱ्या श्रेणीत गेलो. मोसम संपला तेव्हा आमचे गुण 34. कापलेले 21 धरले तर 55. हा हिशेब डर्बीतल्या कुठल्याही पबात विचारा, झोपेतला माणूससुद्धा सांगेल.

अमेरिकेहून पैसे यायचे होते. मेअखेरची तारीख गेली. मग तिकडे सुट्टी, इकडे राणीच्या कारकिर्दीला 70 वर्षं झाल्याची सुट्टी. लोक गल्लीगल्लीत टेबलं मांडून केक खात होते आणि मी फोन खिशातून काढत होतो, ठेवत होतो. कॅलेंडरवर रेघेला जागा उरली नाही तेव्हा आमची ही तारखेच्या चौकटीत आडव्या रेघा मारू लागली. 13 जूनला ते गृहस्थ दुसऱ्यांदा बाजूला झाले.

"इसार?" आबा.

"नाही."

"साठेखत?"

"नाही."

"मग दोन म्हैने त्यो बिडर कशाचा हुता? पावण्यासारखा येऊन जेवून गेला म्हण की."

मी फोन ठेवला. पहिल्यांदाच मी आधी ठेवला.

चार दिवसांनी, 17 जूनला, बातमी आली. डेव्हिड क्लाउज नावाच्या डर्बीशायरच्याच बांधकाम व्यावसायिकांनी, जे लहानपणापासून क्लबचे चाहते, स्टेडियम विकत घेतलं. क्लब नव्हे. आधी स्टेडियम. मी भर ऑफिसात खुर्चीतून उठलो. संध्याकाळी आबांना सांगितलं, तर त्यांनी काहीही प्रतिक्रिया न देता आईला हाक मारली, "अगं, जरा चहा टाक." निवृत्तीनंतर एवढी ऐट मी त्यांच्यात पाहिली नव्हती. मध्येच 24 जूनला रूनी गेला, संघात करारावरचे जाणते खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले; आबा म्हणाले, "असूंदे, मैदान हाय न्हवं?" 1 जुलैला क्लबही क्लाउज यांच्या नावावर झाला.

फ्रीजमध्ये कंदी पेढे होते. डबा घेऊन डकआजोबांच्या दारात गेलो. त्यांनी एक पेढा तोंडात टाकला, डोळे मिटले, दुसरा उचलला आणि म्हणाले, "फारच छान, मी डक. आता सेंटर-हाफचं काय करायचं ते सांग."

घरी आलो तर आबांचा फोन वाजतच होता.

"खरेदीखत झालं?"

"झालं, आबा! पेढे वाटून आलो."

"आधीच? फेरफार नोंद झाली? बोजा उतरला? कोरा उतारा डोळ्यांनी बघितलास काय तू?"

रात्री दीड वाजता मी अंथरुणात कंपनी नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर क्लबचं नाव टाकून बसलो होतो. हिला उजेडाने जाग आली.

"आता काय राहिलं?"

"काही नाही. बोजा उतरल्याची नोंद दिसेना. येईल लवकरच."

ती काही बोलली नाही. उठली, स्वयंपाकघरातला दिवा लागला, आणि मला पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.