लॉजिस्ट म्हणजे आठशे रुपये

उजव्या पायाला महिनाभर मुंग्या येत होत्या. फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठीवर एक इंग्रजी शब्द खरडला. सुरुवातीला 'एन', शेवटी 'लॉजिस्ट', मध्ये नुसत्या मुंग्याच चालल्यासारख्या. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर पाटी दिसली, 'नेफ्रॉलॉजिस्ट'. डोकं जुळलं, शेपटी जुळली. आठशे रुपये भरून केस पेपर काढला आणि बसलो. माझा नंबर २६, आत सातवा चालू.

शेजारी एक आजोबा. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत नाडीने बांधलेल्या फायली.

"तुमची काय, एक्टमी की स्कोपी?"

मी म्हटलं, पायाला मुंग्या.

"माझ्या दोन एक्टम्या झाल्या. एक अपेंडिक्सची, एक पित्ताशयाची. स्कोप्या तर मोजतच नाही."

हे गृहस्थ विम्याच्या ऑफिसात तीस वर्षं क्लेम तपासत होते. पुढचा शब्द वाचत बसायचा नाही, शेपटी बघायची, असं त्यांचं शास्त्र. "आयटिस म्हणजे सूज, गोळ्यांवर भागतं. स्कोपी म्हणजे नळी घालून आत डोकावणं. ऑटमी म्हणजे चिरणं. ऑस्टमी म्हणजे भोक पाडून ठेवणं, ग्रीकमध्ये स्टोमा म्हणजे तोंड. आणि एक्टमी म्हणजे कापून काढलंच! तिथे मी चष्मा पुसून घ्यायचो."

"त्या 'ऑ'च्या जागी चुकून 'एक' वाचलं तर?"

"तर ज्याला नुसतं चिरलंय त्याचा अवयवच गेला की हो कागदावर! झालंय एकदा. त्या माणसाने पत्र पाठवलं, माझं जठर जागेवर आहे, येऊन बघा."

समोरच्या बाई पदर तोंडाला लावून हसल्या. आजोबांना चेव चढला. तिथल्या प्रत्येकाला त्यांनी आजार विचारला आणि त्याची शेपटी सोडवून दिली. एका तरुणाला आपल्याला 'नेफ्रायटिस' झालाय एवढंच माहीत होतं. त्याचा अर्थ मूत्रपिंडाला सूज, हे त्याला डॉक्टरांच्या आधी आजोबांकडून कळलं. तेव्हा कोणी हसलं नाही.

"आणि लॉजिस्ट?" मी विचारलं.

"लॉजिस्ट म्हणजे आठशे रुपये."

शेपट्या आपल्याकडेही आहेत म्हणा. फारसीतून आलेला 'खोर' म्हणजे खाणारा. लाचखोर लाच खातो, चुगलखोर चुगल्या, भांडखोर भांडणं. पण हे कळायला कुणाला तीन तास बाकावर बसावं लागत नाही, आणि लाचखोर समजून भांडखोराकडे गेलो तरी वेगळा पेपर काढावा लागत नाही. इथे पाटी देवनागरीत, शब्द ग्रीक. 'मूत्रपिंडविकार' एवढं लिहिलं असतं तर माझ्यासारखा माणूस पायऱ्यांवरूनच परतला असता. कदाचित म्हणूनच लिहीत नसतील.

तीन तासांनी आत गेलो.

"किडनीचा काय त्रास?"

"नाही, पायाला मुंग्या."

"मग न्यूरोला जा. पाचवा मजला."

चाळीस सेकंद. 'लॉजिस्ट'मधला 'लॉगॉस' म्हणजे म्हणे शब्द, बोलणं. माझ्या वाट्याला मोजून सात-आठ शब्द आले, म्हणजे शब्दाला शंभराची नोट. काउंटरवर पैसे परत मागितले तर मुलगी म्हणाली, "सर, कन्सल्टेशन झालंय ना." झालं होतं खरं. न्यूरॉलॉजिस्टचे वेगळे आठशे भरले. 'फीखोर' हा शब्द कोशात अजून कसा नाही, याचा विचार करत पाचव्या मजल्यावर दीड तास काढला.

तिथल्या डॉक्टरांनी पायाच्या तळव्याला कंप पावणारा चिमटा लावला, सुई टोचून पाहिली आणि म्हणाले, "न्यूरोपथी वाटतेय."

ही शेपटी आजोबांनी शिकवलीच नव्हती. मी विचारलं, "म्हणजे होमिओपथीतलं औषध घ्यायचं?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून असं पाहिलं की पुढचं मी काही विचारलंच नाही. बी-ट्वेल्व्हची तपासणी लिहून दिली.

तिसऱ्या मजल्यावर मुद्दाम उतरलो. आजोबा तिथेच होते.

"पथी?" ते म्हणाले. "पॅथॉस. दुखणं. न्यूरोपथी म्हणजे नसेचं दुखणं. हे तुम्ही घरूनच सांगत आला होतात की!"

"तुमचा नंबर आला नाही अजून?"

"पुकारला होता मघाशी," आजोबा शेजारच्या नव्या पेशंटकडे वळत म्हणाले, "ह्यांचं जरा निम्मं राहिलं होतं."