स्थळ चांगलं आहे, पण योग नाही

मंगळवारी रात्री कचऱ्याचे डबे रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवणं हे दोन मिनिटांचं काम. फेब्रुवारीत मला त्याला पाऊण तास लागतो. कारण शेजारचे आजोबा नेमके तेव्हाच आपला डबा खडखडवत बाहेर येतात आणि सिअ‍ॅटलच्या त्या चिवट भुरभुरीत उभे राहून विचारतात, "मग? यंदा काय वाटतं?"

हा प्रश्न हवेबद्दल नसतो. हवा काय, अंगावर पडतेच आहे. प्रश्न मरिनर्सबद्दल, म्हणजे आमच्या गावच्या बेसबॉल संघाबद्दल असतो. तिकडे अ‍ॅरिझोनातल्या पिओरियात पिचर आणि कॅचर, म्हणजे बेसबॉलचे गोलंदाज आणि यष्टिरक्षक, सरावाला जमले, की इकडे आमच्या गल्लीत चिंतन शिबिर सुरू होतं.

नवा होतो तेव्हा मी सरळ उत्तर दिलं होतं, "हरतील." क्रिकेटवर पोसलेला माणूस मी, मला वाटलं ही नुसती गंमत आहे. त्यानंतर आठवडाभर आजोबा माझ्याशी फक्त कुंपणाच्या दुरुस्तीबद्दल बोलले.

मग एकदा लक्षात आलं, अरे, हा सूर आपल्या ओळखीचा आहे! लहानपणी सदाशिव पेठेत आईच्या एक मैत्रीण दिवाळी उलटली की याच सुरात बोलायच्या. "यंदा कर्तव्य आहे हो. मुलगा चांगला आहे, नोकरी आहे, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. योगच येत नाही." मरिनर्सचं हेच आहे. जन्म 1977 चा. लीगमध्ये तीस संघ, त्यातले एकोणतीस कधी ना कधी वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, बोहल्यावर चढून आलेत. एक आमचाच घोडनवरा पन्नाशीच्या उंबरठ्यावर येऊन अजून मुंडावळ्यांची वाट बघतोय. जिंकणं राहू द्या, नुसतं उभं तरी राहा म्हणतात लोक.

बरं, मुलगा मठ्ठ असता तर सोडून दिलं असतं. 2001 मध्ये त्याने 116 सामने जिंकून शिकागो कब्जच्या 1906 च्या विक्रमाशी बरोबरी केली, आणि फायनलच्या दारात यांकीजकडून हरला. मग वीस वर्षं कोणी प्लेऑफच्या पंक्तीलाही बोलावलं नाही. 2022 मध्ये एकदाचं पान मांडलं. 2023 आणि 2024 मध्ये पुन्हा एकेका सामन्याने हुकलं. त्यातच 2023 मध्ये संघाच्या मुख्य कारभाऱ्यांनी सांगितलं, की दहा वर्षं सरासरी 54 टक्के सामने जिंकत राहिलं की वर्ल्ड सिरीज आपोआप येते. सगळं शहर खवळलं. मला मात्र आमचे बाबा आठवले. 54 टक्के म्हणजे हायर सेकंड क्लाससुद्धा नाही, एवढं बोलून त्यांनी माझी गुणपत्रिका घडी घालून परत दिली होती.

गेल्या वर्षी आई सहा महिन्यांसाठी आली होती. सप्टेंबरात संघ घसरायला लागला, तेव्हा इथल्या एका चाहत्याने इंटरनेटवर चेटकीण गाठली. एट्सीवर, जिथे लोक हाताने विणलेले मोजे विकतात, तिथे मंत्रही विकत मिळतात. त्याने पैसे भरले आणि संघ लागोपाठ दहा सामने जिंकला. मी हे आईला हसत हसत सांगितलं. ती अजिबात हसली नाही. "गेलेच ना शेवटी भगताकडे," म्हणाली, आणि त्या संध्याकाळी आमच्या टीव्हीवरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. त्या नंतर कार्पेटमध्ये डिसेंबरपर्यंत सापडत होत्या.

प्लेऑफमध्ये डेट्रॉइटविरुद्धचा निर्णायक पाचवा सामना नऊऐवजी पंधरा इनिंग्ज चालला, जवळजवळ पाच तास. आईने तेवढ्यात दोन जुड्या मेथी निवडली. आमच्या पोलँकोच्या फटक्यावर जिंकल्यावर आजोबा पायजम्यात आमच्या दारात येऊन उभे राहिले आणि आईने त्यांच्या हातावर साखर ठेवली. मग टोरांटोशी निर्णायक सातवा सामना. 3-1 ने पुढे, वर्ल्ड सिरीजला फक्त आठ आउट बाकी. अंतरपाट धरलाय, अक्षता वाटून झाल्यात, आणि त्यांच्या स्प्रिंगरने तीन धावांचा होम रन मारला. 4-3. आई एवढंच म्हणाली, "मांडवातून परत." आणि गॅस बंद करायला उठली.

एवढं होऊनही आजोबा यंदा पुन्हा डबा घेऊन हजर! पोलँको न्यूयॉर्कला गेला, हे दुःख पहिली दहा मिनिटं. नेलरला पाच वर्षांसाठी ठेवून घेतलं, हा आनंद पुढची पाच. नेलर अंगाने भारदस्त, पळायला लागला की कपाट सरकवल्यासारखं वाटतं, तरी पठ्ठ्याने गेल्या हंगामात 30 बेस चोरले, म्हणजे फटका नसताना पळून पुढचा टप्पा गाठला. मग कॅल रॅली. कॅचर असून 60 होम रन! त्याच्या ऐसपैस पार्श्वभागामुळे त्याला प्रेमाने 'बिग डंपर' म्हणतात. हे आईला मराठीत कसं सांगावं, या विवंचनेत माझा अख्खा ऑगस्ट गेला होता.

"यंदा पुन्हा साठ?" आजोबांनी विचारलं.

मी गप्प. डबा नीट ओळीत लावून घरात जायचं, असं ठरवूनच बाहेर पडलो होतो. गुंतायचं नाही. 162 सामने असतात, रात्रीची झोप जाते, बायको बोलणं टाकते.

"चाळीस झाले तरी चालतील," माझ्या तोंडून निघालं. "मुद्दा पिचिंगचा आहे. गेल्या वर्षी कर्बीचा खांदा, गिल्बर्टचा हात, मिलरचं कोपर, ऐन सप्टेंबरात वूची छाती. एकटा कास्टियो धडधाकट. हे पाचही जण जर का नीट राहिले..."

आजोबांनी छत्री उघडली आणि अर्धी माझ्या डोक्यावर धरली.

"...आणि हुलिओने यंदा जुलैऐवजी एप्रिलपासूनच बॅट चालवली, तर..."

"तर?" आजोबा म्हणाले.

सकाळी सातला कचऱ्याची गाडी येऊन गेली. आजोबांचा डबा रिकामा झाला होता. माझा गॅरेजच्या दाराशीच उभा होता, काठोकाठ भरलेला. बायकोने खिडकीतून फक्त एकदा त्याच्याकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे.