"दुकानात चालतो, घरी रिस्टार्ट होतो": रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की रॅम साफ करायचे 300 रुपये घेतले आणि नवव्या दिवशी कॉम्प्युटर पुन्हा आपोआप रिस्टार्ट व्हायला लागला. दुकानात दोन तास चालतो, घरी वीस मिनिटं टिकत नाही. मध्ये दुसरीकडे फॉरमॅट मारून झाला, नवा यूपीएस घेऊन झाला, तरी लाईट लुकलुकली की स्क्रीन काळी. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. आणि आता 600 रुपयांना मिळणाऱ्या एसएमपीएसचे (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) आम्ही 2,400 सांगतोय.

पहिल्या खेपेला चूक आमची झाली, ती आधी कबूल करतो. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट थर होता. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढला, स्लॉट साफ केला, मशीन सुरू झालं आणि आम्ही तिथेच थांबलो. दोन तास चालवलं, पण नुसतं डेस्कटॉपवर. प्रोसेसरवर लोड न देता चालवलेलं मशीन तपासलं असं म्हणता येत नाही. रॅमचा दोष खरा होता, पण त्याच्यामागे दुसरा दोष लपला होता आणि तो आम्ही शोधायला हवा होता.

तो दोष एसएमपीएसचा. दुसऱ्या वेळी मशीन आणलंत तेव्हा प्रोसेसरला पूर्ण लोड देऊन पिवळ्या तारेवर मीटर लावला. या तारेवर 12 व्होल्ट असतात आणि प्रोसेसरला वीज तिथूनच जाते. पाच टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे 11.40 ते 12.60. तुमच्या मशीनला लोड नसताना 11.92 होते, लोड दिल्यावर 11.31. व्होल्टेज एवढं खाली आलं की एसएमपीएस मदरबोर्डला "वीज ठीक आहे" हा सिग्नल देणं थांबवू शकतो, आणि तो सिग्नल गेला की मदरबोर्ड त्याच क्षणी रिसेट होतो. विंडोज कोसळल्यावर येते ती निळी स्क्रीन नाही, एरर नाही. तुमच्याकडे नेमकं हेच होत होतं.

झाकण काढल्यावर कारणही दिसलं. आउटपुटच्या बाजूचे दोन कॅपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) वर फुगलेले होते. त्यांच्या माथ्यावर फुलीसारखी खाच असते, ती उचलली गेली होती आणि कडेला वाळलेल्या डिंकासारखा तपकिरी थर होता. आतलं रसायन बाहेर आलं की कॅपॅसिटर वीज धरून ठेवू शकत नाही. (हे झाकण घरी कुणी उघडू नका. प्लग काढल्यावरही इनपुटच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर वीज शिल्लक असू शकते.)

नवा यूपीएस का उपयोगी पडला नाही, तेही यातच आहे. लाईट गेल्यावर साधा यूपीएस बॅटरीवर यायला 10 मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेतो. चांगला एसएमपीएस वीज तुटल्यावरही साधारण 16 मिलिसेकंद दम धरतो, म्हणून मशीनला काही कळत नाही. तुमच्या एसएमपीएसमध्ये तेवढा दम उरला नव्हता. त्यात संध्याकाळी गावाकडे व्होल्टेज डाऊन असतं. इनपुट कमी झालं की हा दम आणखी घटतो. आमच्या दुकानात स्टॅबिलायझरची स्थिर वीज आहे, म्हणून इथे मशीन शहाण्यासारखं चालतं आणि घरी गेलं की रुसतं. तुमच्या घरचं वायरिंग आम्ही पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

फॉरमॅटबद्दल मात्र आमचं मत ठाम आहे: रिस्टार्टची तक्रार आली की आधी लॉग (विंडोजची नोंदवही) वाचायचा, डेटाला हात नंतर. स्टार्टवर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. तिथे लाल खुणेची कर्नेल-पॉवर 41 ही नोंद उघडा आणि डिटेल्समध्ये बगचेक कोड (विंडोज कशामुळे कोसळलं त्याचा नंबर) बघा. नोंद 41 स्वतः कारण सांगत नाही, मशीन नीट बंद न होता गेलं एवढंच सांगते. पण बगचेक कोड 0 असेल तर विंडोजला निळी स्क्रीन दाखवायलाही वेळ मिळालेला नाही, म्हणून संशय आधी विजेवर घ्यायचा. कोड 0 सोडून दुसरा असेल तर रॅम, ड्रायव्हर, डिस्क. त्यासाठी सिस्टिम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरीमध्ये जाऊन "ऑटोमॅटिकली रिस्टार्ट" वरची टिक काढा, म्हणजे निळी स्क्रीन थांबून राहील आणि फोटो काढता येईल. तुमच्या मशीनमध्ये फॉरमॅटनंतरच्या सगळ्या नोंदींत कोड 0 होता. फॉरमॅटचा इथे काही संबंधच नव्हता.

आता 600 आणि 2,400. स्वस्त डब्यावर 450 वॅट छापलेलं असतं. स्टिकर वाचताना 12 व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा: 12 गुणिले तो आकडा, एवढेच वॅट प्रोसेसरच्या कामाचे. तुमच्या जुन्या डब्यावर 14 अँपिअर होते, म्हणजे 168 वॅट, तेही नवीन असताना. आम्ही सुचवलेल्यात 12 व्होल्टला 30 च्या वर अँपिअर आहेत आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी आहे. तुम्हाला 600 चाच हवा असेल तर तोही बसवून देऊ, पण वर्षभरात याच तक्रारीने परत याल अशी आम्हाला धास्ती आहे.

झिणझिण्यांचं दुखणं वेगळं आणि जास्त गंभीर आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कॅपॅसिटर थोडा करंट कॅबिनेटवर सोडतात. तो अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर शंभरच्या आसपास व्होल्ट तरंगत राहतात. आपल्याकडे कोकणात कातळावरच्या घरांत अर्थिंगचा खड्डा उथळ असतो, एप्रिल-मेमध्ये जांभा कोरडाठाक पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक, वीस-तीस निघालं तर कॉम्प्युटर लावूच नका. रिस्टार्टचं कारण हे असेलच असं नाही, पण घरात माणसं वावरतात, म्हणून हे काम आधी.

मिऱ्या, भाट्ये, काळबादेवी या रत्नागिरीच्या किनारपट्टीतल्या सगळ्यांसाठी एक गोष्ट. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की खाऱ्या वाऱ्याने कॉम्प्युटरच्या आत बसलेलं मीठ पाणी धरायला लागतं, आणि पावसाळ्यात आपली हवा बहुतेक दिवस त्याच्या वरच असते. कॉम्प्युटर समुद्राकडच्या खिडकीखाली ठेवू नका, पावसात रोज अर्धा तास तरी चालू ठेवा, गरम असताना प्लास्टिकचं कव्हर घालू नका.

ताई, रॅमचे 300 रुपये एसएमपीएसच्या बिलातून वजा करतो, बसवण्याचे पैसे घेत नाही. या वेळी मशीन चार तास पूर्ण लोडवर चालवू, रात्रभर रॅम टेस्ट लावू आणि व्होल्टेजचे आकडे बिलावर लिहून देऊ. एसएमपीएस बदलायचा नसेल तर 300 रुपये तसेच परत घेऊन जा. येताना नवा यूपीएस आणि भिंतीपासूनची पॉवर केबल दोन्ही घेऊन या. त्या केबलची अर्थची पिन आम्ही अजून तपासलेली नाही.